एक मिलिमीटर पीप, सहा सेंटिमीटर बाण

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला झालेल्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत कंपाउंड बोची, म्हणजे टोकांना कॅम नावाची चाकं असलेल्या धनुष्याची, दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदकं साताऱ्यात सराव करणाऱ्या मुलांनी आणली. अदिती स्वामीने अंतिम लढत १४९-१४७ अशी जिंकली, तर ओजस देवतळेने १५०-१४९ अशी. म्हणजे ओजसचे पंधराच्या पंधरा बाण दहात लागले, तरी फरक पडला तो एकाच गुणाचा. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आली आहे, त्यामुळे ‘कुठला बो घेऊ?’ हा प्रश्न पालक आणि मुलं दोघंही विचारतात. आमचं म्हणणं असं की हा प्रश्न तिसरा-चौथा आहे. पैसे रायझर (बोचा मधला दांडा) आणि कॅममध्ये जातात, पण गुण जातात ते ड्रॉ-लेंथ (दोरी किती मागे खेचायची ते माप) चुकल्यामुळे आणि स्ट्रिंगकडे, म्हणजे दोरीकडे, दुर्लक्ष केल्यामुळे.

त्याचं गणित सोपं आहे. कंपाउंडला ५० मीटरवर ८० सेंटिमीटरचा सहा रिंगांचा फेस, म्हणजे निशाणाचा कागद, असतो. त्यातला दहाचा गोल ८ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे मध्यापासून कड फक्त ४० मिलिमीटर. पूर्ण खेचल्यावर डोळ्याजवळच्या पीपपासून (स्ट्रिंगमध्ये बसवलेलं नेमाचं भोक) पुढच्या स्कोपपर्यंतचं (नेमाचं भिंग) अंतर साधारण ८५ सेंटिमीटर भरतं. पीप १ मिलिमीटर वर सरकला, तर ५०,००० भागिले ८५० केल्यावर बाण जवळजवळ ५९ मिलिमीटर वर लागतो. नेम अचूक, सुटका स्वच्छ, आणि गुण नऊ. आणि हा पीप धरून कोण ठेवतं? स्ट्रिंगचे धागे आणि त्यांवर बांधलेला दोरा, एवढंच. स्ट्रिंग ताणली, फिरली, बांधलेला दोरा सैल झाला की पीप हलतो, आणि खेळाडू मात्र दोन आठवडे स्वतःचा फॉर्म शोधत बसतो.

घेताना आधी ड्रॉ-लेंथ

दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं माप इंचात घ्यायचं आणि २.५ ने भागायचं. १७० सेंटिमीटरचा पसारा म्हणजे ६६.९ इंच, म्हणून ड्रॉ-लेंथ साधारण २६.८ इंच. हा आकडा फक्त सुरुवातीचा. खरं माप पूर्ण खेचलेल्या अवस्थेत बाजूने फोटो काढून ठरतं: अंग सरळ, पुढचा खांदा खाली, मागचा कोपर बाणाच्या रेषेत किंवा किंचित वर, स्ट्रिंग नाकाच्या शेंड्याला आणि ओठाच्या कोपऱ्याला हलकीशी टेकलेली. मान पुढे नेऊन स्ट्रिंगला नाक लावावं लागत असेल तर माप चुकलं.

ड्रॉ-लेंथ जास्त असली की मुलगा मागे रेलतो, पुढचा खांदा कानाकडे चढतो आणि स्कोपमधला ठिपका फेसभर मोठाले संथ फेरे मारतो. कमी असली की ठिपका थरथरतो आणि ‘भिंतीवर’, म्हणजे खेच अडते तिथे, मागे ओढत राहायला जागाच उरत नाही. आपल्याकडे जास्तीची चूक फार दिसते, कारण ‘वाढत्या अंगाचा आहे, थोडा मोठा असू दे’ असा हिशेब होतो. तो शाळेच्या गणवेशापुरता ठीक. बोच्या बाबतीत तो चालत नाही. पाव इंचाची चूकसुद्धा बाणांचा ग्रुप पसरवते.

म्हणून मॉड्यूल, म्हणजे कॅमवरचा ड्रॉ-लेंथ ठरवणारा तुकडा, कसा आहे ते आधी विचारा. काही बोमध्ये एकच मॉड्यूल फिरवून अर्ध्या-अर्ध्या इंचाने माप बदलतं. काहींत प्रत्येक मापाला वेगळा मॉड्यूल मागवावा लागतो. आपल्याकडे बहुतेक माल बाहेरून येतो, कस्टम लागतं आणि एखादा छोटा सुटा भाग मिळायला महिना सहज जातो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी फिरणारा मॉड्यूलच घ्यावा. अर्ध्या इंचाच्या आतलं माप स्ट्रिंग आणि केबल (कॅमना जोडणाऱ्या बाकीच्या दोऱ्या) यांच्या पिळांनी जुळवता येतं. डी-लूप, म्हणजे रिलीज हे सोडण्याचं यंत्र अडकवायची स्ट्रिंगवरची कडी, लांब करून ड्रॉ-लेंथ वाढवल्याचं समाधान मात्र करून घेऊ नका. त्याने फक्त हात मागे जातो, स्ट्रिंग चेहऱ्यावर होती तिथेच राहते.

पाउंडेजला, म्हणजे बो खेचायला लागणाऱ्या जोराला, वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेची कमाल मर्यादा ६० पाउंड आहे. मुली सहसा ४५ ते ५२, पुरुष ५५ ते ६० वर खेळतात. झेपतंय का ते पाहायचं तर खुर्चीत ताठ बसून, बो फेसच्या उंचीवरच धरून खेचून बघा. आभाळाकडे उचलून झटका द्यावा लागला तर चार-पाच पाउंड उतरवा. पात्रता फेरीत ७२ बाण, त्याआधी सरावाचे, नंतर बाद फेऱ्या. शेवटच्या बाणाला खांदा जिवंत राहिला पाहिजे. ६० वर खेळणाऱ्यानेही बो ५९ च्या आसपासच ठेवावा. तुमचा काटा आणि तपासणीच्या टेबलावरचा काटा यांच्यात अर्ध्या पाउंडाचा फरक असू शकतो, आणि तिथे त्यांचाच काटा खरा.

लेट-ऑफकडेही बघा, म्हणजे पूर्ण खेचल्यावर वजन किती टक्के उतरतं ते. ६० पाउंडांचा बो ६५ टक्के लेट-ऑफवर हातात २१ पाउंड ठेवतो, ७५ टक्क्यांवर १५. कमी वजन आरामाचं वाटतं, पण फार कमी झालं की स्ट्रिंग सैलसर राहते, चेहऱ्याच्या दाबाने बाजूला सरते आणि पाठीचा ताण टिकत नाही. टार्गेटला हातात १५ ते २० पाउंड वजन बहुतेकांना मानवतं.

एक्सलपासून एक्सलपर्यंतची (दोन कॅमच्या आसांमधली) लांबी टार्गेटसाठी ३६ ते ४० इंच असावी, २६-२७ इंच खेचणाऱ्या मुलींना ३५ सुद्धा चालते. लांबी कमी असली की खेचल्यावर स्ट्रिंगचा कोन टोकदार होतो, ती नाकापर्यंत येत नाही आणि पीप डोळ्यापासून दूर जातो. ब्रेस हाइट (न खेचता पकडीपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर) ७ इंच किंवा त्याच्या वर. जाहिरातीतला फूट-प्रति-सेकंदाचा आकडा वाचून विसरून जा. ५० मीटरवर अंतर माहीत असतं, तिथे वेगाने गुण मिळत नाहीत.

सेकंडहॅंड बाजारात शिकारीचे बो स्वस्तात दिसतात. ते आखूड असतात आणि अनेकदा झाडापानांच्या नक्षीचे असतात. वर्ल्ड आर्चरीच्या नियमांत कॅमोफ्लाज रंगाचं साहित्य चालत नाही, त्यामुळे तपासणीतच अडकाल. जुना टार्गेट बो घेताना त्याच्या वर्षाचे मॉड्यूल अजून मिळतात का, हे किमतीच्या आधी विचारा. नवा वरच्या दर्जाचा बो दीड-दोन लाखांच्या पुढेच जातो, आणि साइट (नेमाची पट्टी), स्कोप, रेस्ट (बाण टेकवायचा आधार), स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारे रॉड), रिलीज, बाण मिळून जवळजवळ तेवढेच पुन्हा. आमचा सल्ला कायम एकच: मागच्या वर्षीचं मॉडेल घ्या आणि वाचलेल्या पैशात चांगल्या स्ट्रिंगचे दोन संच आणि पूर्ण डझनभर सारखे बाण घ्या.

बाणांबद्दल थोडक्यात. स्पाइन म्हणजे बाणाचा कडकपणा. स्पाइन ४०० म्हणजे २८ इंचांच्या आधारांवर ठेवलेल्या शाफ्टच्या (बाणाच्या नळीच्या) मधोमध ८८० ग्रॅम लटकवल्यावर तो ०.४०० इंच वाकतो. आकडा लहान तेवढा बाण कडक. कंपनीच्या तक्त्यातून निवडताना पाउंडेज, बाणाची लांबी आणि पॉइंटचं (टोकाचं) वजन तिन्ही लागतात. एकूण वजन पाउंडामागे ५ ग्रेनच्या (वजनाचं बारीक एकक) खाली नेऊ नका, ६० पाउंडांना किमान ३०० ग्रेन, नाहीतर ड्राय फायरसारखाच, म्हणजे बाण न लावता स्ट्रिंग सोडल्यासारखा, बोवर मार बसतो. मैदानावर वाऱ्यासाठी बारीक शाफ्ट. इनडोअरच्या १८ मीटरवर वारा नसतो आणि रेषेला चिकटलेला बाण वरचा गुण देतो, म्हणून तिथे ९.३ मिलिमीटरपर्यंतचे जाड.

बो लावण्याचा क्रम

क्रम मोडला की सगळं दोनदा करावं लागतं. आधी लिम्ब बोल्ट, म्हणजे बोची वाकणारी पाती (लिम्ब) धरणारे स्क्रू: दोन्ही पूर्ण आवळून मग सारख्याच फेऱ्या सोडायच्या. एका फेरीला साधारण २ ते ३ पाउंड उतरतात. किती फेऱ्यांपर्यंत सोडता येतं ते मॅन्युअलमध्ये असतं. त्यापुढे गेलात तर लिम्ब पॉकेटमधून सुटू शकतो.

मग टायमिंग. वरचा आणि खालचा ड्रॉ-स्टॉप (खेच थांबवणारा खुंटा) एकाच क्षणी टेकला पाहिजे. ड्रॉ-बोर्डवर (बो हळू खेचून धरायची फळी) बो लावून हळूहळू खेचा आणि दोन्हीकडे डोळा ठेवा. एक स्टॉप टेकला आणि दुसऱ्यात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट दिसली तरी ५० मीटरवर बाण वर-खाली पसरतात. दुरुस्ती एका केबलला अर्धा किंवा एक पीळ देऊन किंवा काढून. कोणत्या केबलला, हे कॅमच्या जातीवर अवलंबून असतं, म्हणून एक पीळ द्या, पुन्हा बोर्डवर बघा, वहीत लिहा. पीळ देताना बो प्रेसमध्येच (लिम्ब दाबून धरणाऱ्या यंत्रात) असला पाहिजे. गुडघ्याने दाबून लिम्ब वाकवणारे अजून भेटतात. त्यांच्या शेजारी उभं राहू नये.

मग नॉकिंग पॉइंट, म्हणजे बाणाची खाच (नॉक) स्ट्रिंगवर बसते ती जागा. बाण रेस्टच्या छिद्रांमधून बघितल्यावर काटकोनात किंवा नॉक केसभर वर. नॉकच्या वर आणि खाली दोऱ्याने छोट्या गाठी बांधाव्यात आणि त्यांच्या बाहेर डी-लूप. खेचल्यावर स्ट्रिंगचा कोन बनतो आणि दोन्ही गाठी नॉकला दाबतात, म्हणून त्यांच्यात किंचित फट सोडायची. ती नसेल तर बाण खेचताना रेस्टवरून उचलला जातो.

डी-लूपला २ मिलिमीटर जाडीचा दोरा साधारण ११-१२ सेंटिमीटर कापा. टोकं लायटरने वितळवून भाकरीच्या तव्याची उलटी बाजू किंवा लायटरचाच धातू लावून त्यांची चपटी बोंडं करा. जळून काळी, ठिसूळ झाली तर परत कापा, कारण तीच बोंडं खेचताना निसटतात. एक गाठ स्ट्रिंगच्या डावीकडून, दुसरी उजवीकडून, म्हणजे लूप फिरत नाही. मग पक्कडीचे जबडे लूपमध्ये घालून उघडत ताणा, गाठी करकचून बसेपर्यंत. आत १२ ते १५ मिलिमीटर जागा राहिली की झालं. पहिल्या वीस-तीस बाणांनंतर तो थोडा लांबतो; तेव्हा पुन्हा मोजा.

पीप स्ट्रिंगचे धागे बरोबर अर्धे करून बसवायचा: चोवीस धागे असतील तर बारा-बारा. डोळे मिटून खेचा, अँकर घ्या (हात चेहऱ्यावर ठरल्या जागी टेकवा), डोळा उघडा. स्कोपचं वर्तुळ पीपच्या वर्तुळात तंतोतंत बसायला हवं, मान न हलवता. बसत नसेल तर पीप सरकवा, मान नाही. जागा पक्की झाली की वर-खाली सर्व्हिंगच्या, म्हणजे स्ट्रिंगवर गुंडाळायच्या, दोऱ्याने आवळून बांधा आणि नॉकपासून पीपच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. या एका आकड्याने पुढचे कितीतरी वाद मिटतात.

ताणून लावलेल्या कागदावर मारून बघताना दोन मीटरवरून बाण सोडा. बाणाच्या शेपटीने कागद वर फाटत असेल तर नॉकिंग पॉइंट खाली आणा किंवा रेस्ट वर न्या. खाली फाटत असेल तर उलट. डावी-उजवी फाट दिसली तर आधी पकड बघा, कारण अर्ध्या वेळा बो हातात पिळला गेलेला असतो. पकड बरोबर असूनही फाट तीच राहिली तर रेस्ट अर्धा मिलिमीटर सरकवा. फाट वाढली तर दुसऱ्या बाजूला.

शेवटचं काम मैदानावर. फेसवर एक उभी सुतळी लावा. जवळून, चार-पाच मीटरवरून, बाण सुतळीवर येईपर्यंत फक्त साइट डावी-उजवी करा. मग ५० मीटरवर जा आणि तिथे साइटला हात न लावता फक्त रेस्ट हलवा: बाण डावीकडे लागत असतील तर रेस्ट उजवीकडे, उजवीकडे लागत असतील तर डावीकडे. दोन्ही अंतरांवर बाण सुतळीवर येईपर्यंत हे आलटून-पालटून करा. रेस्टची हालचाल चौथाई मिलिमीटरची असते, तेव्हा दर वेळी पाच-सहा बाणांचा ग्रुप बघूनच निर्णय घ्या. स्टॅबिलायझरची वजनं त्याआधीच कायम करा. खेचल्यावर स्कोपचा बुडबुडा आपोआप मध्यावर आला नाही तर बाजूच्या रॉडचं वजन किंवा कोन बदला.

स्ट्रिंग

नवी स्ट्रिंग लावल्यावर पहिले शंभर-दोनशे बाण ती बसते. तोवर साइटचे मार्क कायम करू नका. पीप फिरत असेल तर प्रेसमध्ये घालून स्ट्रिंगला अर्धा पीळ द्या किंवा पीपच्या एका बाजूचा एक धागा दुसरीकडे न्या. रबरी नळी लावून पीप सरळ करायचा जुना उपाय आहे. नळी तुटून डोळ्यावर बसते, म्हणून तो नकोच.

मेण लावायचं ते उघड्या धाग्यांना, सर्व्हिंगला नाही. धागे कोरडे, पिसाटलेले दिसले की थोडं लावा, चिमटीत धरून बोटांच्या उबेने आत मुरवा, आणि दोऱ्याचा एक वेढा घालून तो स्ट्रिंगवरून ओढत जास्तीचं मेण आणि धूळ खरवडून काढा. लाल मातीच्या मैदानावर जाड मेण म्हणजे धागे आतून कापणारी भुकटी.

सर्व्हिंग दोन जागी बघा. एक, मधे जिथे नॉक बसतो. बाण ‘टक’ आवाज करून बसावा, उलटा लटकवला तर लटकत राहावा आणि स्ट्रिंगवर बोटाने टिचकी मारली की पडावा. सर्व्हिंग झिजून बारीक झाली की नॉक सैल होतो आणि खेचता खेचता सुटू शकतो. दुसरी जागा, जिथे केबल कॅमच्या खाचेत शिरते. तिथे वेढे सरकून फट पडली असेल, आतले धागे दिसत असतील तर त्या दिवशी बो बॅगेत ठेवा. धागा तुटला असेल, एक का असेना, तर स्ट्रिंग बदलाच.

रोज दीडशे-दोनशे बाण मारणाऱ्याने सहा-आठ महिन्यांत पूर्ण संच बदलावा, दिसायला चांगला असला तरी. आणि स्पर्धेच्या आधी किमान तीन-चार आठवडे. राज्य स्पर्धेच्या आदल्या शनिवारी नवी स्ट्रिंग चढवण्याइतका महागडा उत्साह दुसरा नाही.

रोजचं आणि आठवड्याचं

अमेरिकी बोचे स्क्रू इंचातले असतात. ५/६४, ३/३२, १/८, ५/३२, ३/१६ या ॲलन की घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली मिलिमीटरची की ‘जवळपास बसते’ आणि स्क्रूचं डोकं गोल करून टाकते. रेस्ट आणि साइटच्या स्क्रूंना निळं थ्रेड-लॉकर लावा, लिम्ब बोल्टला नाही. प्रत्येक स्क्रूवर आणि शेजारच्या धातूवर पांढऱ्या पेंट पेनने एक सलग रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. कॅमलाही तशीच खूण करा, बो सैल असताना केबल कुठे येते ती दाखवणारी.

आठवड्यातून एकदा एक्सल-टू-एक्सल, ब्रेस हाइट, पीपची उंची, नॉकिंग पॉइंट आणि पाउंडेज मोजून वहीत लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. साइट अचानक दोन-तीन क्लिक वर-खाली करावी लागली तर आधी वही उघडा, मग फॉर्मचा विचार करा.

ब्लेड रेस्टची, म्हणजे बाण टेकतो ती, पाती स्प्रिंग स्टीलची, ०.००८ ते ०.०१२ इंच जाडीची असते आणि ती थकून तडकते, बहुधा वाकणाच्या जागी. हलक्या बाणांना पातळ, जड बाणांना जाड. पाती बदलली की उंची पुन्हा जुळवा. पावसाळ्यात ही पाती, रिलीजमधले छोटे पिन आणि एक्सलची टोकं सगळ्यात आधी गंजतात. भिजलेला बो बॅगेत कोंबू नका. पुसून रात्रभर उघडा ठेवा. रिलीजमध्ये जाड तेल घालू नका, त्यात माती बसते आणि हलका लावलेला ट्रिगर अडकायला लागतो.

उन्हाळ्यात बंद गाडीत बो ठेवणं हे पावसापेक्षा वाईट. स्ट्रिंगचं मेण वितळतं, धागे ताणतात, पीप फिरतो आणि बाणाचे हॉट-मेल्टने बसवलेले पॉइंट सैल होतात. मग बाण बटमधून (निशाणामागच्या गादीतून) बाहेर येतो आणि पॉइंट आतच राहतो.

बाण प्रत्येक एंडनंतर (बाणांच्या एका फेरीनंतर) बघा: नॉकला तडा, वेन (पीस) सुटलेली, शाफ्टवर ओरखडा. शाफ्ट दोन्ही हातांत धरून हलका वाकवा, पिळा, कानाजवळ नेऊन ऐका. करकर आली तर तोडून टाका. तडा गेलेला कार्बन सोडताना फुटतो आणि त्याच्या सळया बो धरलेल्या हातात घुसतात.

ड्राय फायर बहुतेक वेळा तडकलेल्या किंवा सैल नॉकमुळे होतो, नाहीतर ‘फक्त खेचून बघतो’ म्हणणाऱ्या पाहुण्यामुळे. झाला तर पुन्हा खेचू नका. कापसाचा बोळा लिम्बच्या कडांवरून आणि पोटावरून फिरवा; जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे तडा आहे. कॅम मागून बघा, वाकलाय का. स्ट्रिंग खाचेतून उतरलीय का, एक्सल सरळ आहे का, तपासा. सगळं ठीक दिसलं तरी प्रेस असलेल्या जाणकाराला दाखवूनच पहिला बाण मारा.

स्पर्धेचा डबा

पात्रता फेरीत साहित्य बिघडलं तर दुरुस्तीला आणि राहिलेले बाण मारायला कमाल १५ मिनिटं मिळतात. बाद फेरीत जादा वेळ मिळत नाही. म्हणून डब्यात असाव्यात त्या वस्तू ‘नव्या कोऱ्या’ नसाव्यात, वापरून जुळवलेल्या असाव्यात: त्याच ताणाला लावलेला दुसरा रिलीज, उंची जुळवून ठेवलेली ब्लेड, पिननॉक (बाणाच्या शेपटीतल्या पिनवर बसणारा नॉक) आणि पिन, कापून बोंडं केलेले दोन डी-लूप, लायटर, पक्कड, ॲलन की, सर्व्हिंगचा दोरा. दुसरा स्ट्रिंगचा संच पीप बांधून, दोनशे बाण मारून, नावाची चिठ्ठी लावलेल्या पिशवीत. तो चढवायला प्रेस लागतो, तेव्हा पोर्टेबल प्रेस स्वतःकडे नसेल तर मैदानावर कोणाकडे आहे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. विमानाने जाणार असाल तर बो, बाण आणि ॲलन की चेक-इन सामानात. साइट काढून वेगळी गुंडाळा, आणि काढण्याआधी तिचा पन्नासचा मार्क वहीत लिहा.